वाटणीतला स्टिरिओ

स्टिरिओचं वेड मला मुंबईत लागलं. एका लग्नासाठी गेलो होतो आणि ज्यांच्याकडे उतरलो त्यांच्या घरी परदेशातून आणलेला सेट होता. यजमानांनी मला दोन स्पीकरच्या मधोमध खुर्चीवर बसवलं आणि रेकॉर्ड लावली. डावीकडून सतार सुरू झाली. थोड्या वेळानं उजवीकडून तबला आला, इतका जवळून की मी दचकून मान वळवली. तिथे तुळतुळीत पानांची एक कुंडी होती. त्यानंतर लग्नात काय जेवलो ते आठवत नाही.

सत्तरच्या दशकाची अखेर होती. मी नागपूरला एका शाळेत गणित शिकवत होतो आणि आम्ही दोघं नवराबायको प्रताप नगरात भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. नागपुरात असला सेट दुकानात मिळायचा नाही. दुकानात रेडिओ मिळायचे, एका खोक्याचे रेकॉर्ड प्लेअर मिळायचे. बाहेरचा माल हवा तर तो कुणीतरी आणलेला असायला हवा, आणि त्याला तो विकावासा वाटायला हवा. सीताबर्डीवर रेडिओ दुरुस्त करणारे एक मिस्त्री होते, त्यांना या बाजाराची खडान्‌खडा माहिती होती. बाजार तरी केवढा! त्यांनी मला तो बोटांवर मोजून दाखवला.

"मास्तर, अख्ख्या नागपुरात चार सेट हायेत. एक डॉक्टरांचा, ते जिते आहेत तोवर विकत नाहीत. दुसरा एका क्लबात पडून हाय, त्यात उंदरीनं पिल्लं दिली. तिसरा मी खोलला होता, तो अजून खुलाच हाय."

"आणि चौथा?"

"चौथा तीन घरी हाय."

मला वाटलं मिस्त्री थट्टा करताहेत. पण मिस्त्री थट्टा करणाऱ्यांतले नव्हते. धरमपेठेत एक लाकडाचे मोठे व्यापारी होते. त्यांनी देश सोडून जाणाऱ्या एका गोऱ्या इंजिनिअरकडून तो सेट घेतला होता. चार वर्षांपूर्वी ते वारले आणि दोन मुलांमध्ये वाटणी झाली. भांडीकुंडी, पलंग, लाकूड कापायच्या आरा मशीनचे पट्टे, सगळं काटेकोर निम्मं निम्मं. सेटही तसाच वाटला गेला. एक स्पीकर मोठ्याला, एक धाकट्याला. रेकॉर्ड फिरवायचं यंत्र मोठ्याला, म्हणून रेकॉर्डी धाकट्याला. मधला ॲम्प्लिफायर पारशिवनीला दिलेल्या बहिणीनं मागून घेतला होता.

"म्हणजे चार वर्षं कुणीच ऐकला नाही?"

"कसा ऐकन? भाऊ भावाशी बोलत नाही, स्पीकर स्पीकरशी कसा बोलन?" मिस्त्री म्हणाले.

पुढच्या रविवारी मी धरमपेठेत गेलो. घर एकच होतं, पण फाटकापासून आत बघितलं की मधोमध एक नवी भिंत दिसायची. ती अंगणातून निघून ओसरीवर चढली होती आणि दिवाणखान्याला चिरत मागे गेली होती. त्यामुळे पुढच्या भागात दोन दारं झाली होती. मी उजव्या दारात गेलो, तिथे मोठे राहत.

मोठे साठीला टेकलेले, जाड भिंगांचा चष्मा, बोलणं घुमणारं. त्यांच्या स्पीकरवर पितळी समई ठेवलेली होती. त्यांनी ती उतरवली आणि खोक्यावरून हात फिरवला.

"लाकूड पाहा मास्तर. कुठं गाठ नाही. आपल्या सागवानाची सर नाही म्हणा, पण झाड चांगल्या मातीतलं हाय."

"आवाज कसा आहे?"

"आवाज?" ते जरा विचारात पडले. मग त्यांनी बोटाच्या पेरानं खोक्यावर टकटक केलं आणि कान लावला. "कीड नाही."

स्पीकर आणि रेकॉर्डचं यंत्र, दोन्ही विकायला ते तयार होते. एका कानाचं मशीन ठेवून काय करणार, असं म्हणाले. मात्र एक अट होती. "बाबा सेटसमोर बसायचे तेव्हा मी त्यांच्या उजव्या हाताले बसायचो. माझा स्पीकर उजवा हाय. तुमच्या घरीबी तो उजवाच लागला पाहिजे. मी येऊन पाहीन." हे शेवटचं वाक्य त्यांनी माझ्याकडे न बघता भिंतीकडे बघून आणि गरज नसताना मोठ्यानं म्हटलं.

मी कबूल केलं. मला काय, एक उजवा असतोच.

डाव्या दारात धाकटे उभेच होते. पन्नाशीचे, बनियन घातलेले, सुपारी कातरत. "बसा मास्तर. उजवा माझाच म्हणला नं तो? ऐकलं मी. भिंत चार इंची हाय." त्यांचा स्पीकर खिडकीखाली होता आणि त्यावर बसून ते बूट घालत असावेत, कारण शेजारी बूट होते. "बाबांच्या उजव्या हाताले मी बसायचो. तो कुठं बसायचा! तो दुकानात राहायचा. द्यायले मी देतो, रेकॉर्डीबी घेऊन जा, पण माझा उजव्या हाताले ठेवाल तर. अन् मीबी येऊन पाहीन."

किमतीची घासाघीस झाली नाही. एकानं सांगितलेली दुसऱ्याला भिंतीतून ऐकू आली होती, त्यानं तीच सांगितली.

मी धाकट्यांनाही कबूल केलं. गणिताच्या मास्तरानं दोन स्पीकर उजवीकडे ठेवायचं वचन दिलं आणि सायकलवर बसून घरी आलो. बायकोला सांगितलं तेव्हा तिनं फक्त विचारलं, "दोघं एकाच दिवशी येणार का?"

ॲम्प्लिफायर मिळाल्याशिवाय दोन्ही खोकी म्हणजे नुसतं लाकूडच होतं. पौषातल्या एका सकाळी मी एसटीनं पारशिवनीला गेलो. बहीण शेतकऱ्याच्या भरल्या घरात होत्या, पंचेचाळिशीच्या, कपाळावर मोठं कुंकू. मी कोण, कशासाठी आलो, हे सांगितल्यावर त्या मला सरळ स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. फळीवर ॲम्प्लिफायर होता. काळा, भारदस्त, वरच्या जाळीतून आतले व्हॉल्व्हचे काचेचे दिवे निखाऱ्यासारखे तांबूस दिसत होते. आणि जाळीवर फडक्यानं झाकलेलं पातेलं.

"यात काय आहे?"

"दही," त्या म्हणाल्या. "मशीन गरम राह्यते. थंडीत दुसरीकडं दही लागतच नाही."

मी जाणतेपणानं म्हटलं, "विरजणाचं भांडं पिठाच्या डब्यात ठेवलं तरी लागतं हो."

"ते मले शिकवून राहिले का भाऊ?" त्या हसल्या. "दह्यापायी नाही ठेवलं मी हे. बसा. आधी बाबांले विचारून घेते."

मला वाटलं घरात कुणी सासरे वगैरे असतील. पण त्या फळीसमोर पाटावर बसल्या, पातेलं उतरवलं आणि बटण थोडं फिरवलं. आतून आवाज आला. हंऽऽ. खालच्या पट्टीतला, जरा घोगरा. तो मध्येच चढायचा, मध्येच विरायचा. असा आवाज बिघडलेल्या यंत्रातून स्पीकर नसतानाही येतो हे मला ठाऊक होतं. विजेचा दाबही तिथे एकसारखा नव्हता. शेतातला पंप सुरू झाला की दिवा मंद व्हायचा आणि आवाज बदलायचा. पण बाई पदर सावरून बसल्या होत्या.

"बाबा याच्याच पाशी बसून राहायचे," त्या म्हणाल्या. "काही सांगितलं की मान वर न करता हं म्हणायचे. आवाज असाच. वाटणीच्या वेळी पंचांनी विचारलं, बाई, तुले काय पाहिजे? मी म्हटलं, मले मशीन द्या. दागिना कोणीबी मागते. मी रोज सांगते त्याहिले. गाय व्याली, पोरीले स्थळ आलं. ते हं म्हणते."

मग त्या यंत्राकडे वळल्या. "बाबा, हे मास्तर आले आहेत नागपूरहून. दोन्ही स्पीकर एका घरी ठेवतो म्हणतात. दादाचा अन् लहान्याचा. मशीन देऊ का?"

आम्ही वाट पाहिली. शेतात कुणीतरी पंप सुरू केला असावा. दिवा मंदावला. हंऽऽऽ.

"झालं. हो म्हणाले."

मी विचारू नये ते विचारलं. "नाही म्हणाले असते तर?"

"बाबा कोणाले कधी नाही म्हणालेच नाहीत, भाऊ," बाई म्हणाल्या. "तिथंच तर सगळं बिघडलं. दादानं विचारलं, घर माझंच नं? बाबा म्हणाले, हं. लहान्यानं विचारलं, घर माझंच नं? त्यालेबी हं. दोघंबी खरंच बोलून राहिले. अन् दोघंबी एकमेकाले खोटं म्हणून राहिले."

"हे तुम्ही भावांना सांगितलं नाही?"

"सांगितलं. ते म्हणतात, तू त्याच्याकडून बोलून राहिली. दोघंबी तेच म्हणतात."

निघताना त्यांनी मला पातेल्यावर हात ठेवायला लावून एक वचन घेतलं. यंत्रातला तो हुंकार काढायचा नाही. बाकी काय दुरुस्त करायचं ते करा, पण हं राहिलं पाहिजे. मी गोधडीत गुंडाळलेला ॲम्प्लिफायर मांडीवर घेऊन एसटीत बसलो. शेजारच्या म्हातारीनं गोधडीला हात लावला, ती अजून गरम होती. "लेकराले ताप हाय वाटते," ती म्हणाली. मी म्हटलं, हो.

मिस्त्रींनी सेट जोडून दिला आणि तासाभरात आमचं भांडण झालं.

"कंडेन्सर गेला हाय, म्हणून ही घुंई. दहा मिनिटांचं काम. काढू?"

"नको."

"मास्तर, ही घुंई ऐकू येऊन राहिली नं तुम्हाले?"

"येते आहे. राहू द्या."

"याले हाय-फाय म्हणतात. म्हणजे जसं हाय तसं ऐकू आलं पाहिजे. ही घुंई घेऊन लोकं माझ्याकडं रडत येतात, अन् तुम्ही..."

"त्यांच्या बाबांचा आवाज आहे तो."

मिस्त्रींनी पेचकस खिशात घातला. "मी जोडला असं कोणाले सांगू नका," म्हणाले आणि चहा न घेता गेले.

आता प्रश्न उजव्या बाजूचा होता. मी कागदावर खोलीचा नकाशा काढून दोन रात्री डोकं खाजवलं. तोडगा बायकोनं काढला. समोरासमोरच्या दोन भिंतींशी एकेक स्पीकर ठेवायचा आणि दोघा भावांना मध्ये एकमेकांकडे पाठ करून बसवायचं. मग ज्याचा त्याला आपला स्पीकर उजव्या हाताशी. मी आनंदानं स्पीकर पूर्व आणि पश्चिम भिंतीशी लावायला घेतले.

"अहो थांबा," ती म्हणाली. "असं लावलं तर एकाचं तोंड दक्षिणेकडं येईल. साठीचा माणूस बसेल का दक्षिणेकडं तोंड करून?"

तेव्हा दक्षिणोत्तर भिंती. मोठ्यांचं तोंड पूर्वेला, मानाचं. धाकट्यांचं पश्चिमेला, संध्याकाळचं ऊन डोळ्यांवर, पण त्याला इलाज नव्हता.

रविवारी दुपारनंतर दोघे आले. एकाच घरून, एकाच वेळी, दोन स्कूटरवर, मध्ये पन्नास पावलांचं अंतर राखून. दारात दोघांनीही मला नमस्कार केला, दोघांनीही बायकोला नमस्कार केला. मी त्यांना जागेवर बसवलं. खोली लहान होती. खुर्च्या पाठीला पाठ लावूनच मावल्या. मोठ्यांनी उजव्या हाताकडे पाहिलं, समाधानानं मान हलवली. धाकट्यांनी डोळ्यांवर हात धरून उजव्या हाताकडे पाहिलं, तेही संतुष्ट दिसले. कुणीच हरकत घेतली नाही. मला माझ्या बायकोचा एवढा अभिमान पुन्हा कधी वाटला नाही.

मी ॲम्प्लिफायर सुरू केला. व्हॉल्व्ह तापेपर्यंत शांतता होती. मग दोन्ही भिंतींतून आवाज आला. हंऽऽऽ.

सुपारी कातरणारा धाकट्यांचा हात थांबला. मोठ्यांनी चष्मा काढला. माझ्या हातात रेकॉर्ड होती, ती मी तशीच धरून उभा राहिलो.

"बाबा," मोठे म्हणाले. अगदी हळू. मग घसा साफ करून, "बाबा, घर माझंच म्हटलं होतं नं तुम्ही?"

आमच्याकडेही विजेचा भरवसा नव्हताच. दिवा थरथरला. हंऽऽऽ.

"ऐकलं नं मास्तर!" मोठे जवळजवळ उठलेच.

पाठीमागून धाकटे म्हणाले, "बाबा, मले म्हटलं होतं का नाही? हॉस्पिटलात, मी पाय दाबून राहिलो होतो तेव्हा?"

हंऽऽऽ.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून, या कशाकडेच लक्ष नसलेली माझी बायको म्हणाली, "पोहे देऊ का सगळ्यांना?"

हंऽऽऽ, बाबा म्हणाले. आणि ती खरंच "बरं" म्हणून वळली.

आधी धाकटे हसले. आवाज न करता, नुसते हलायला लागले. खुर्च्या चिकटलेल्या होत्या, त्यामुळे ते हलणं मोठ्यांच्या पाठीत गेलं. मोठ्यांनी ओठ दाबले, मान खाली घातली, पण त्यांचेही खांदे हलू लागले. दोन वयस्क माणसं एकमेकांकडे पाठ करून, तोंडावर रुमाल धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. पोहे आले तरी ते थांबले नव्हते.

मग मोठ्यांनी चष्मा पुसला आणि मला म्हटलं, "मास्तर, त्याले विचारा. त्यालेबी हेच म्हटलं होतं का बाबांनी?"

धाकटे त्यांच्यापासून वीतभर अंतरावर होते. तरी मी विचारलं.

"त्याले सांगा, हो," धाकटे म्हणाले.

"त्याले विचारा, लिंबू पाहिजे का पोह्यावर."

हे मला विचारावं लागलं नाही. धाकट्यांनी मागे न बघता खांद्यावरून हात पाठीमागे नेला आणि मोठ्यांनी त्यात लिंबाची फोड ठेवली.

त्या दिवशी मी रेकॉर्डची एक बाजू वाजवली. कुणी फारसं ऐकलं नाही.

यानंतर आमचं घर आमचं राहिलं नाही. दर रविवारी दोघे यायचे. पुढच्या महिन्यात बहीणही यायला लागल्या, दह्याचं पातेलं घेऊन. चार वर्षांत त्या माहेरी आल्या नव्हत्या, कारण कुठल्या दारातून शिरायचं ते ठरत नव्हतं. तिघं बसून बाबांना आठवड्याची हकीकत सांगायची. कुणाचा गुडघा, कुणाच्या नातीचं बारसं, ट्रकमध्ये भिजलेलं लाकूड. मी मोठ्या उत्साहानं रेकॉर्ड लावायला गेलो की मोठे हात वर करायचे. "जरा थांबा मास्तर, त्यांचं ऐकू येऊन राहिलं नाही." ज्या सेटसाठी मी जिवाचा आटापिटा केला, त्यावर संगीत वाजवलेलं लोकांना खपत नव्हतं.

आम्हा दोघांना तो सेट मिळायचा तो एखाद्या बुधवारी, शाळा लवकर सुटली की. पाठीला पाठ लावलेल्या त्या खुर्च्या मी एकाच बाजूला तोंड करून, शेजारी शेजारी मांडायचो. बायको डोळे मिटून ऐकायची. "सतार मोठ्यांकडून येते आहे," ती सांगायची, "आणि तबला धाकट्यांकडून." मागे घोगरा हुंकार चालूच असायचा. सुरुवातीला तो मला खुपायचा. नंतर नंतर तो नसता तर चुकल्यासारखं वाटलं असतं, तंबोऱ्यासारखा तो कानांत बसला होता.

उन्हाळ्याच्या तोंडी तिघं एकत्र आली, आणि या वेळी स्कूटर एकच होती. मोठे चालवत होते, धाकटे मागे. बहीण रिक्षानं. मी ओळखलं. सेट परत हवा होता. मोठ्यांनी विषय काढला, अवघडत, लाकडाची तारीफ करत. धाकटे म्हणाले, "तुम्ही नाही म्हटलं तरी राग नाही." बहिणीनं नुसतं यंत्राकडे पाहिलं.

मला नाही म्हणायचं होतं. गणित सरळ होतं, माल माझा होता. पण तोंडातून जे निघालं ते "हं" होतं, आणि एकदा ते निघाल्यावर तिघांनाही पुढचं ऐकायची गरज वाटली नाही. टेम्पो गेल्यावर बायकोनं स्पीकर होते तिथली धूळ झाडून काढली. मी त्या संध्याकाळी जेवलो नाही. माणसांचं भलं झालं म्हणून आनंद झाला असं लिहायला बरं वाटलं असतं, पण मला तेव्हा फक्त सेट गेल्याचं दुःख झालं होतं, आणि ते पुष्कळ दिवस टिकलं.

त्यांनी भिंत पाडली नाही. तसं काही होईल असं मला वाटलंही नव्हतं. बायकांची स्वयंपाकघरं वेगळी झाली होती आणि ती सोयीची होती. पण दिवाणखान्यात भिंतीला एक चौकोन पाडून त्यात ॲम्प्लिफायर बसवला. एक तार इकडे, एक तार तिकडे. प्रत्येकाचा स्पीकर आपापल्या खोलीत, रस्त्याकडच्या खिडकीत. ते काम मिस्त्रींनीच केलं. काम होईपर्यंत बहीण स्टूल टाकून त्यांच्या शेजारी बसल्या होत्या, पेचकस कंडेन्सरकडे जाऊ नये म्हणून.

एकदा संध्याकाळी आम्ही दोघं धरमपेठेत भाजी घ्यायला गेलो होतो आणि त्या घरावरून चाललो होतो. आत रेकॉर्ड लागली होती. मोठ्यांच्या खिडकीतून सतार येत होती, धाकट्यांच्या खिडकीतून तबला. घरात कुणालाच पूर्ण ऐकू येत नसणार, ज्याला त्याला आपलंच. फाटकासमोर, बरोबर मध्ये, रस्त्यावर मात्र सगळं आपापल्या जागी होतं. बायकोनं माझा हात धरला आणि मला दोन पावलं डावीकडे सरकवलं. आम्ही मेथीची पिशवी हातात घेऊन तिथेच उभे राहिलो. एक सायकलवाला घंटी वाजवत आला, मग आम्हाला वळसा घालून गेला.

"काहून उभे आहात भररस्त्यात?" पुढे जाऊन त्यानं मागे वळून विचारलं.

"ऐकून राहिलो," बायको म्हणाली.